बोअरच्या पाण्यातलं मँगनीज: आधी बाळाची बाटली

वाचकाचं पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात, जंगलाच्या अंगाला राहतो. घरचा आड मार्चनंतर आटतो म्हणून गेल्या उन्हाळ्यात दाराशीच बोअर मारली. पाणी भरपूर लागलं. भरताना अगदी स्वच्छ दिसतं, पण दुसऱ्या दिवशी पिंपाच्या तळाशी काळपट गाळ बसतो. नळाच्या तोंडात बोट फिरवलं तर काळं लागतं, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात.

माझा मुलगा चार महिन्यांचा आहे. मला दूध कमी येतं, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून जास्त करून डब्याचंच दूध देते, याच पाण्यात, चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळून. थोरली मुलगी सहा वर्षांची आहे.

मध्यंतरी पाण्याच्या मशीन विकणारा आला होता. त्याने दोन सळ्यांचं यंत्र आमच्या पाण्यात बुडवलं, तर पाणी काळं-हिरवं झालं. सगळेच घाबरले. मग यजमानांनी बेळगावला लॅबमध्ये पाणी दिलं. रिपोर्टमध्ये मँगनीज लिटरला ०.६२ मिलिग्रॅम आलं, लोह ०.८. नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत आहे. मामंजी म्हणतात, लोखंडाचं पाणी आहे, रक्त वाढतं, काही होत नाही. सासूबाई बासष्ट वर्षांच्या आहेत, त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. मशीनवाला म्हणाला, ते याच पाण्यामुळे. यजमान बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगच्या कामाला आहेत. त्यांनी मोबाइलवर वाचलं की मँगनीजचा मेंदूवर परिणाम होतो. तेव्हापासून मला झोप नाही. मी माझ्या हाताने बाळाला विष पाजलं का?

— खानापूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही विष पाजलेलं नाही. जे पाणी सगळं घर पितं तेच तुम्ही बाळासाठी उकळून घेतलंत, आणि शंका आल्यावर तुमच्या घराने ते तपासून घेतलं. आपल्या भागात बोअर मारणारी माणसं पाणी किती इंच लागलं ते सांगतात, त्या पाण्यात काय आहे ते सहसा कुणी बघत नाही. तुमच्याकडे आकडा आहे, त्यामुळे नेमकं सांगता येतं.

आज एकच गोष्ट करा. बाळाच्या बाटलीचं पाणी बदला. मशीन, टाकी, सासूबाईंचा हात, या सगळ्याला आठवडा लागला तरी चालेल. बाटलीचं मात्र संध्याकाळच्या दुधापासूनच करा.

बाळाचंच इतकं का, ते सांगते. मँगनीज शरीराला लागतं, पण अगदी थोडं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण दोन मिलिग्रॅम, आणि ती आपल्या जेवणातूनच भागते. भाकरी, भात, डाळी, शेंगदाणे आणि चहा, सगळ्यांत मँगनीज असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गरज मात्र दिवसाला ०.००३ मिलिग्रॅम धरतात. आईच्या दुधातून तेवढंच, फार तर थोडं जास्त मिळतं. आता हिशेब बघा. चार महिन्यांच्या बाळाच्या पोटात बाटलीतून दिवसाला पाऊण लिटर पाणी जातं असं धरलं, तर ०.६२ च्या पाण्यातून साडेचार दशांश मिलिग्रॅमहून जास्त मँगनीज जातं. म्हणजे गरजेच्या दीडशे पट. शिवाय डब्याच्या पावडरीत बाळापुरतं मँगनीज आधीच घातलेलं असतं.

मोठ्यांच्या बाबतीत आतडं पोटातल्या मँगनीजपैकी शंभरातले तीन ते पाच भागच आत घेतं, आणि जादा झालेलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाचं आतडं त्याहून बरंच जास्त शोषतं आणि त्याचा पित्ताचा मार्ग अजून पुरता तयार नसतो. म्हणून एकाच पाण्याने तुमचं फारसं बिघडत नाही, पण त्याच्यासाठी ते जड पडू शकतं.

उकळल्याने जंतू मरतात, ते करायलाच हवं. पण मँगनीज धातू आहे. वाफ निघून जाते आणि धातू पातेल्यातच राहतो. पंधरा मिनिटं उकळून पाणी आटवलंत तर लिटरमागचा आकडा उलट वाढतो. फडक्यातून गाळूनही उपयोग नाही, कारण बोअरमधून नुकतंच आलेलं मँगनीज पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. तुरटीही याला पुरत नाही.

तूर्त बाळासाठी आयएसआय शिक्क्याचं सीलबंद पाणी घ्या, ज्यावर पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर असं छापलेलं असतं. महागडं नैसर्गिक मिनरल वॉटर नको, त्यात क्षार जास्त असू शकतात. दिवसाला एक लिटर पुरे. ते एक उकळी येईपर्यंत तापवा, अर्ध्या तासाच्या आत, कढत असतानाच पावडर मिसळा, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. गावात नाणं टाकून पाणी मिळतं ते पंचायतीचं शुद्ध पाण्याचं मशीन असेल, तर त्यावर एकदम विसंबू नका. आतला मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, कधी बदलला ते विचारा, आणि त्या पाण्याचं मँगनीज तपासल्यावरच ते बाळाला द्या. आडाला पाणी असेल तर त्यात मँगनीज कमी निघण्याची शक्यता आहे, कारण उघड्या आडाच्या पाण्याला हवा लागते. पण आड गोठ्याजवळ असला तर नायट्रेटचा धोका असतो, तोही उकळून जात नाही आणि तान्ह्या बाळाला घातक असतो. आडाचं पाणी वेगळं तपासल्याशिवाय बाटलीत नको.

आणखी एक. तुम्हाला थोडं दूध येतं असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ते सोडू नका. तुम्ही बोअरचं पाणी प्यायलात तरी तुमच्या दुधात मँगनीज फारसं वाढत नाही, शरीर ते अडवतं. दर वेळी आधी अंगावर पाजा, मग बाटली द्या, रात्री तर नक्कीच पाजा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढायला मदत होते. आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या सिस्टरना बाळाची पकड बघायला सांगा. कित्येकदा दूध कमी नसतं, बाळाने तोंडात नीट धरलेलं नसतं. एवढं करूनही दूध वाढलं नाही तर डब्याचं दूध द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता दोन महिने जे गेलं त्याचं काय. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात सहा ते तेरा वर्षांच्या ३६२ मुलांचा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरच्या पाण्यात मँगनीज सर्वात जास्त होतं त्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यंक सर्वात कमी मँगनीजवाल्या गटापेक्षा सरासरी सहा गुणांनी कमी निघाला. त्या वरच्या गटातलं पाणी तुमच्या पाण्यापेक्षा कमी मँगनीजचं, लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपासचं होतं. हे वाचून छातीत धस्स होईल, म्हणून पुढचंही वाचा. ती मुलं ते पाणी वर्षानुवर्षं पीत होती. असा अभ्यास दोन गोष्टी बरोबर दिसतात एवढं सांगतो, एकेका मुलाचं भविष्य सांगत नाही. तुमच्या बाळाचे दोन महिने झालेत आणि तुम्ही आज थांबवताय. साठलेलं मँगनीज शरीर हळूहळू बाहेर टाकतं. रक्त तपासण्याची, औषधाची काही गरज नाही. कुणी अंगातले धातू काढायचं औषध सुचवलं तर अजिबात देऊ नका. लसीला न्याल तेव्हा बाळ मान धरतं का, आवाजाकडे वळतं का, ओळखीचा चेहरा बघून हसतं का, हे डॉक्टरांना बघायला सांगा. ते तर प्रत्येक बाळाचं बघायचंच असतं.

मर्यादेचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा दिसेल, त्याने गोंधळू नका. आपल्याकडे आयएस १०५०० या मानकात लिटरला ०.१ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी ०.४ पर्यंत आरोग्याला बाध नाही असं धरायची. २०२२ च्या मार्गदर्शनात तिने ०.०८ हा आकडा ठेवला आणि तो ठरवला बाटलीच्या दुधावरच्या बाळाकडे बघून. तुमचं ०.६२ या सगळ्यांच्या वर आहे.

थोरलीलाही प्यायला हे पाणी देऊ नका. तिचं काम बाळाइतकं तातडीचं नाही, पण तिचा मेंदू वाढतोय आणि ती अजून कितीतरी वर्षं या घरात पाणी पिणार आहे. तिचं हिमोग्लोबिन बघून घ्या, तुमचंही. लोह आणि मँगनीज आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात. अंगात लोह कमी असलं की ती वाट जास्त उघडते आणि मँगनीज जास्त शोषलं जातं. बाळंतपणानंतर मिळालेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच पडून असतील तर त्या सुरू करा.

मामंजींचं म्हणणं मला समजतं. आपली माती तांबडी, जांभा दगड सगळीकडे, पाण्याला लोखंडाची चव. हयात त्या पाण्यावर गेलेली असते. पण ०.८ मिलिग्रॅम लोहाने रक्त वाढत नाही. आणि आयुष्यभर त्यांनी प्यायलं ते आडाचं पाणी, हे बोअरचं पाणी अजून दोन वर्षांचंही नाही. खाली खोल, जिथे हवा पोचत नाही, तिथे खडकातलं मँगनीज पाण्यात विरघळतं. लोंढ्यापलीकडे, जोयड्याच्या बाजूला तर मँगनीजच्या खाणी होत्या. कारखाना नाही, कुणी काही ओतलेलं नाही, हे जमिनीतूनच येतं. हे त्यांना असंच सांगा: तुमचं जुनं पाणी वेगळं होतं, हे नवीन आहे. रागावणार नाहीत.

सासूबाईंच्या हाताबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथे मशीनवाल्याने तुमची दिशाभूल केली आहे. हात दोन वर्षांपासून थरथरतोय आणि बोअर गेल्या उन्हाळ्यातली आहे. म्हणजे थरथर आधी आली, पाणी नंतर.

मँगनीजमुळे मेंदूला होणारा आजार खरा आहे. जॉन कूपर या डॉक्टरांनी १८३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये मँगनीजचा दगड दळणाऱ्या कामगारांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. पण ती धूळ श्वासातून गेली होती. पाण्यातून माणसं आजारी पडल्याची जपानमधली एक घटना १९४१ मध्ये नोंदली गेली. तिथे विहिरीजवळ बॅटरीचे सेल पुरले होते आणि पाण्यात मँगनीज लिटरला १४ मिलिग्रॅम सापडलं, तुमच्या वीस पटीहून जास्त. शिवाय मँगनीजच्या आजारात बहुधा दोन्ही बाजू धरतात, चाल बिघडते, माणूस मागे तोल जाऊन पडतो. एकच हात थरथरणं हे त्याचं नेहमीचं रूप नव्हे.

तुम्ही घरी एक बघा. सासूबाई टीव्ही बघत निवांत बसल्या असताना मांडीवरचा हात थरथरतो का, आणि चहाचा कप उचलताना थांबतो का? की कप तोंडाशी नेतानाच जास्त थरथरतो? चालताना उजवा हात डाव्यासारखा पुढे-मागे हलतो का? पोळी लाटायला, पदर खोचायला वेळ लागायला लागलाय का? हे सगळं लिहून न्या. निवांत असताना थरथर आणि हालचाल मंदावलेली असेल तर पार्किन्सनचा विचार करावा लागतो, आणि त्यावर चांगली औषधं आहेत. कामाच्या वेळीच थरथर असेल तर कारण वेगळं असतं. थायरॉइड वाढल्यानेही हात कापतात.

आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट, पिशवीत घालून न्या. आपल्याकडे चक्कर येते म्हणून सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनच्या गोळ्या महिनोन् महिने चालू राहतात. एकदा लिहून दिलेल्या, मग मेडिकलमधून आपल्या आपण आणलेल्या. मळमळीवरची मेटोक्लोप्रमाइडही तशीच. या औषधांनी पार्किन्सनसारखीच थरथर येते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली तर बऱ्याच जणांची कमी होते. घरच्या घरी बंद करू नका, पण डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पिशवी त्यांच्यासमोर ठेवाच. बेळगावला सिव्हिलमध्ये किंवा कुठल्याही मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्या. दोन वर्षं म्हणजे खूप झाली. पाण्यावर खापर फोडून आणखी एक वर्ष जायला नको.

आता त्या दोन सळ्या. त्यातली एक लोखंडाची असते. विजेने तिचंच लोखंड पाण्यात सुटतं आणि पाणी काळं-हिरवं, तांबडं होतं. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात हेच होणार, अगदी चांगल्या पाण्यातही. मशीनच्या पाण्यात क्षार नसल्यातच जमा असतात, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. तुमच्या पाण्यात खरंच दोष निघाला तो लॅबच्या आकड्यामुळे, त्या खेळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. टीडीएसच्या पेनचंही तेच. ते सगळे क्षार मिळून मोजतं. तीनशेच्या आकड्यात अर्धा-पाऊण मिलिग्रॅम मँगनीज कुठे दिसणार?

तरीही मशीन घ्यायचं असेल तर आरओच घ्या. नुसत्या यूव्हीचा किंवा कँडलच्या फिल्टरचा मँगनीजवर काही उपयोग नाही. आरओ मँगनीज काढतो, पण तुमच्या पाण्यात लोहही आहे. लोह आणि मँगनीज मेंब्रेनवर बसून तो लवकर बाद करतात. म्हणून आधी मँगनीज डायऑक्साइडची वाळू भरलेला फिल्टर लावायला सांगा. तो लोह-मँगनीज काढणारा फिल्टर म्हणून मिळतो आणि वेळोवेळी उलटं पाणी सोडून धुवावा लागतो. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर दुसऱ्याकडे जा. स्वयंपाकघरात प्यायच्या आणि शिजवायच्या पाण्यापुरतंच पुरे. आंघोळ, भांडी, धुणं, गुरं यांना बोअरचं पाणी बिनधास्त वापरा, कातडीतून मँगनीज जात नाही. डाग पडलेल्या कपड्यांना ब्लीच घालू नका, डाग पक्का बसतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा.

टाकी आणि पिंप आठवड्याला धुवा. तो काळा गाळ म्हणजे हवा लागून बाहेर पडलेलं मँगनीज, आणि ढवळला की एका तांब्यात आकडा एकदम चढतो. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाणी आणखी काळवंडेल, तेही यामुळेच. ते बघून पावडर बंद करू नका. जुलाबाने मूल एका दिवसात कोमेजतं.

तुमच्या यजमानांसाठी दोन ओळी. वेल्डिंगच्या रॉडमध्ये मँगनीज असतं आणि त्याचा धूर थेट फुफ्फुसात जातो, तिथे यकृताची गाळणी मध्ये येत नाही. या घरात पाण्यापेक्षा जास्त काळजी करण्यासारखं मँगनीज बहुधा त्यांच्या वाट्याला येतं. धूर ओढणारा पंखा आणि धुराचा मास्क मालकाकडे मागायचा त्यांना हक्क आहे. तोंडाला रुमाल बांधून धूर अडत नाही. कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि अंग धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका म्हणावं.

पाणी पुन्हा द्याल तेव्हा नमुने दोन द्या. एक बोअरचा, पंप दहा मिनिटं चालवून, टाकीत जाण्याआधीचा. दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाचा. बाटली लॅबमधूनच मागून घ्या, धातूसाठी त्यात आम्ल घालावं लागतं. ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, रिपोर्टची झेरॉक्स द्या आणि पंचायतीच्या बोअरचंही मँगनीज तपासायला लेखी सांगा. रिपोर्ट कन्नडमध्ये आला तर मँगनीज ही ओळ त्यात आहे का एवढं वाचून घ्या, कारण साध्या तपासणीत ती बऱ्याचदा नसते. तुमच्याकडून पाणी नेणाऱ्या घरांत गरोदर बाई किंवा बाटलीवरचं मूल असेल तर तिथे आजच सांगा.

आरओ बसल्यावर आठवड्याने त्याच्या नळाचं मँगनीज तपासा. ०.०८ च्या खाली आलं की बाटलीसाठी विकतचं पाणी बंद केलंत तरी चालेल. मग सहा महिन्यांनी एकदा, आणि मेंब्रेन बदलाल तेव्हा, पुन्हा तपासा.